भोंग्याच्या लेकीची जांभई

लाँड्रीतल्या बाया तिला भोंगा म्हणायच्या, आणि त्यात काही खोटं नव्हतं. शेजारच्या कारखान्याचा भोंगा बिघडला असता तर हिच्या नुसत्या हाकेवर कामगार डबे उचलून घरी गेले असते, असा तो गळा! दवाखान्यांच्या चादरी धुणारी लाँड्री होती ती. दोघीदोघींनी टोकं धरायची, चादर झटकायची, घडी घालायची. चारी हात सारखे चालावेत म्हणून ही गाऊ लागली. दिवसभर उभं राहून बायांचे पाय सुजायचे, पण मालक साधं स्टूल देईना. तेव्हा हिनं त्याच ठेक्यावर गाणं रचलं:

गादी तुझी मऊ मऊ,
आम्ही उभ्या किती राहू?

अहो, काय पेटलं ते गाणं! स्टुलं तर आलीच, पण गाणं भलत्याच गावांतल्या कारखान्यांच्या फाटकांवर जाऊन पोचलं आणि गाण्यामागोमाग भोंगाही. आज सभा, उद्या मोर्चा, मधूनमधून तुरुंगाची हवा. नवरा लवकर गेला होता. तान्ही लेक थोरल्या नणंदेच्या पदरात टाकून ही निघायची.

लेक मोठी झाली, बस चालवू लागली. आईच्या प्रत्येक सभेला यायची, पहिल्या रांगेत बसायची, आणि गाणं सुरू झालं की जबडा निखळेल अशा जांभया द्यायची. मागं सगळं मैदान मुठी आवळून उभं, आणि पोटची पोर डोळे चोळतेय! भोंग्याच्या जिवाचं पाणी व्हायचं. पण विचारणार कुठल्या तोंडानं? जिच्या वाट्याला आई आली नाही, तिनं आईच्या गाण्याचं कौतुक का करावं? त्यात एक कंडक्टर चहा पिता पिता बोलून गेला, "बसमध्ये तुमचं गाणं लागलं की तुमची लेक झटक्यात बंद करते बघा." ते मात्र वर्मी लागलं.

आज संध्याकाळी शेवटची सभा होती. डॉक्टरनं बजावलं होतं, यापुढं घशाला त्रास द्यायचा नाही. लेकीनं रजा काढली होती. दुपारी भोंग्यानं फोन हातात घेतला.

"वन्सं, मी तिला सांगते, येऊ नकोस म्हणून."

नणंद खाटेवर बसून सभेच्या ब्लाउजला हुक लावत होती. "डोकं फिरलं का तुझं?"

"शेवटच्या दिवशी तरी मला ती जांभई बघायची नाही. माझ्यावरचा राग गेला नसेल तिचा. तिचं बरोबरच आहे. पण आज नको."

"फोन ठेव आधी."

"नाही."

"ठेव म्हणते ना!" नणंदेनं ब्लाउज बाजूला टाकला. "तिचा राग नाही नि काही नाही. माझा उपद्व्याप आहे तो. तू आत असायचीस, पोर आकांत करायची. मला एक अंगाई येईल तर शपथ! सगळं करून दमले. शेवटी तुझं गाणं म्हटलं, हळूहळू, पाठीवर थोपटत. 'मऊ मऊ' म्हणताच गप्प, दुसऱ्या ओळीला डाराडूर. शाळेत जाईपर्यंत तेच चाललं. झोप येते गं तिला त्या गाण्यानं! भरलेली बस घेऊन निघालेली बाई ते वाजू देईल का?"

"तिला माहीत आहे हे?"

"तिला वाटतं, आपल्यालाच काहीतरी रोग आहे. म्हणून तर पहिल्या रांगेत बसते बिचारी, आईसमोर तरी जागं राहावं म्हणून."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तुला? ठेका जरा हळू धरला तर ढोलवाल्याला भर सभेत झापलंस तू! आणि मी तर लढ्याच्या गाण्याची अंगाई करून बसलेले."

भोंगा फोन ठेवून खाटेजवळ खाली बसली. पोरीला आपण रिकाम्या हातांनी सोडून गेलो, हे ओझं तिनं जन्मभर वाहिलं होतं. आणि पोर रोज तिच्याच गाण्यावर झोपत होती!

"वन्सं," ती डोळे पुसत म्हणाली, "ढोलवाल्याचे, मांडववाल्याचे, पाणी देणाऱ्याचेसुद्धा आभार मानले मी. तुमचे तेवढे राहिले. फार मोठे उपकार आहेत तुमचे."

"चल, आली मोठी उपकारवाली!" नणंदेनं ब्लाउज पुन्हा हातात घेतला.

"कसं म्हणायचात ते? म्हणा ना एकदा."

"वेडी का खुळी? हसशील."

हो-ना करता करता नणंद गाऊ लागली. आवाज फुटक्या माठासारखा, सूर गेला चुलीत, पण हात मात्र भावजयीच्या पाठीवर बरोबर पडत होता. भोंग्यानं तिच्या मांडीवर डोकं टेकलं. इतकी वर्षं ती गावांसाठी गायली होती. तिच्यासाठी कुणी गायलेलं हे पहिलंच.

थोड्या वेळानं फोन वाजला. नणंदेनं घाईघाईनं उचलला.

"आत्या, निघाले गं मी. पुढची जागा राखायला सांगितलंस ना?"

"सांगितलंय. पण हळू बोल," नणंद कुजबुजली, "तुझ्या आईला आत्ताच डोळा लागलाय."