पहारेकऱ्याला मारायचं नाही

कडोलीच्या साहित्य संमेलनात बोलायचं बोलावणं आलं तेव्हा जिनेंद्रची छाती फुगली, आणि त्यात त्याचा फारसा दोष नव्हता. बेळगावात दहा वर्षं विम्याच्या कचेरीत मान खाली घालून बसलेल्या माणसाला ‘व्हिडिओ गेममधली गोष्ट’ या विषयावर वीस मिनिटं कोण देतं?

त्यानं बारा पानं लिहिली, सगळी लहानपणी खेळलेल्या एका मालिकेवर. काळ्या कपड्यांतला चोर, किल्ले, पहारेकरी आणि अंधारातून चोरपावलांनी पुढं सरकणं. निपाणीच्या घरात तिला सगळे ‘चोरगेम’ म्हणत. मारधाडीच्या खेळात माणूस पळत सुटतो, इथं तो दाराआड थांबून पहारेकऱ्यांचं बोलणं ऐकतो आणि गोष्ट त्या बोलण्यातून उलगडते, असं त्यानं लिहिलं होतं. मुख्य मुद्दा असा, की या मालिकेत कुणाला मारताच येत नाही, म्हणून तिचा प्रकारच निराळा.

भाषण रविवारी होतं. शुक्रवारी कचेरीतल्या सौरवनं, पडद्यावर दाखवायला खेळातली चित्रं काढून देतो म्हणून, जुना पहिला भाग लॅपटॉपवर लावला. पहारेकरी पाठमोरा उभा होता. सौरवनं एफचं बटण दाबलं आणि चोरानं त्याच्या पाठीत सुरा खुपसला.

“हे कुठनं आलं?” जिनेंद्रनं विचारलं.

“पहिल्यापासनं हाय की सर. सगळ्या भागांत हाय.”

बारा पानं पाण्यात गेली, ते असो. पण खरं सांगायचं तर त्याला भाषणापेक्षा, ज्या मे महिन्याच्या सुट्टीत तो हा खेळ खेळला होता, तिची धास्ती वाटली. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात गोड सुट्टी ती. तीच खोटी निघाली तर मागं वळून बघायचं तरी कशासाठी?

शनिवारी सकाळची बस धरून तो निपाणीला थोरल्या बहिणीकडे गेला. रूपालीआक्का त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, गावातच दिलेली. ती सोप्यात शेंगा फोडत बसली होती. त्यानं समोर बसून बाराही पानं वाचून दाखवली आणि मग सुऱ्याचं सांगितलं.

“मारता येतंय की,” आक्का म्हणाली. “ते बटण मीच उपसून काढलतं.”

“का?”

“आई कंप्यूटर परत धाडणार व्हती. आपल्या जैनांत मुंगी मारत न्हाईत आणि पोरं माणसं मारायल्यात, म्हणली. मग मी तिला शब्द दिला, ह्यात कोण मरणार न्हाय म्हणून.”

“पण ते पहारेकरी बोलायचे ते? भरमूची बायको बाळंत व्हायलीय, परशरामला घरला जायचंय?”

“ते इंग्रजीत भलतंच कायतरी बोलायचे. नुसतं बटण काढून भागलं नसतं. तू लई हट्टी, मारायला दुसरं कायतरी हुडकून काढलं असतंस. म्हणून तुला मराठीत सांगताना मी त्यांना बायकापोरं दिली.”

जिनेंद्रला तंबाखूच्या वासानं भरलेली माडी आठवली, आईनं कंप्यूटरला शिवलेलं फुलाफुलांचं झबलंही. दिवस बुडायच्या आत जेवायचं म्हणून आईची हाक आली, की चोर बिचारा सकाळपर्यंत दाराआड अडकून पडायचा. जेवताना तो विचारायचा, भरमूच्या बायकोला काय झालं? आक्का म्हणायची, उद्या कळंल. मुलगी झाली त्या दिवशी त्यानं शेजारच्या तीन घरांत साखर वाटली होती. आठवून त्याला हसू आलं.

“म्हंजे ही गोष्ट गेममधी नव्हतीच?”

“न्हाय.” आक्कानं मूठभर शेंगा पुढं ओढल्या. “भाषण ब्येस लिवलायस. खरं, बारा पानं वाचलास, माझं नाव कुठं आलं न्हाय.”

जिनेंद्रनं पानं चाळली. मी खेळलो, मी ऐकलं, मला उमगलं. इंग्रजीत शाळेत पहिली येणारी आक्का रोज शेजारी बसून वाक्यन् वाक्य सांगायची, आणि त्यानं तिला चक्क खोलीतनं पुसून टाकलं होतं. त्या जूनमध्ये तो हॉस्टेलात गेला आणि दिवाळीनंतर हिचं लग्न झालं. त्याला मनापासून लाज वाटली.

“आक्का, उद्या कडोलीला चल. तूच सांग ही गोष्ट.”

“मला कुणी बोलीवलंय?”

ती रागानं बोलली नाही, म्हणून ते जास्तच लागलं. त्यानं पहिलं पान पालथं घातलं आणि कोऱ्या बाजूवर वरती तिचं नाव लिहिलं.

“मी बोलीवतोय. शेवटचा किल्ला आपला राहूनच गेला. तो चोर घरला पोचला काय गं?”

“ते मी ठरवायच्या आतच तू गेलास की रं,” आक्का म्हणाली.