झाकणाखालचं केळं

मित्रांनो, मी एका जुन्या तपकिरी बाटलीत राहणारा केळ्याचा वास आहे. माझ्यात केळं नाही. कधीच नव्हतं. मी केळं पाहिलेलंही नाही. एक मद्यार्क आणि व्हिनेगरमधलं आम्ल यांना एकत्र तापवलं, त्यातून मी झालो. कागदोपत्री माझं नाव आयसोअमाइल ॲसिटेट. दिसतो पाण्यासारखा, पण पाण्याशी माझं पटत नाही. मी त्याच्यावर तरंगत बसतो.

माझी बाटली असायची एका गोड गोळ्यांच्या कारखान्यात. तिथे वास मिसळण्याचं काम एका काकूंकडे होतं. पातेलंभर पाकात माझे चार थेंब. पाचवा कधी पडला नाही. बाटलीला नाक लावून त्यांनी मला एकदाही हुंगलं नाही. झाकण उघडून लांबूनच हाताने वारा घेत, तापट पाहुण्याची चौकशी करावी तसा माझा अंदाज घ्यायच्या. मुलं गोळी चोखत ‘केळं’ म्हणायची. श्रेय केळ्याला. असो.

भट्टी सांभाळायचे काकूंचे धाकटे दीर. माझं कपाट भट्टीपासून चांगलं वीस पावलांवर, कारण माझी वाफ पेट घेते. शिवाय ती हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीवरून सरपटत विस्तव शोधत जाते. दिरांचं मत असं, की वहिनी उगाच चालायला लावतात. एका दुपारी काकू डबा खात असताना त्यांनी मला उचलून भट्टीकडे न्यायला घेतलं. वाटेत झाकण घट्ट आहे ना, हे त्यांनी उघडून पाहिलं. अर्धा मी त्यांच्या सदऱ्यावर.

सदरा वाळवायला ते सरळ भट्टीकडे निघाले.

“भाऊजी, आहात तिथेच उभे राहा.”

काकूंचा आवाज चढला नाही. घास खाली ठेवून त्यांनी आधी भिंतीपलीकडचा भट्टीच्या गॅसचा कॉक बंद केला. मग मागच्या खिडक्या उघडल्या. विजेच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही.

“बरं, मग पुढच्या दारात उन्हात उभा राहतो.”

“तिथे मधमाश्यांचं पोळं आहे. माशी डंख मारते ना, तेव्हा बाकीच्यांना बोलवायला हाच वास सोडते. सगळं पोळं येईल तुमच्या भेटीला.”

भाऊजी मधोमध बनियनवर उभे राहिले. काकूंनी हातमोजे घातले, सदरा झाकणाच्या डब्यात कोंडला, सांडलेला मी वाळूत टिपला आणि दिरांना दोनदा साबण लावायला पाठवलं.

“वहिनी, हे सगळं तुम्हाला कुठून ठाऊक?”

“बाटलीच्या मागे लिहिलंय.”

“माश्यांचंही?”

“ते मागच्या वर्षी कळलं.”

आता उरलोय बोटभर. बाटलीमागच्या चिठ्ठीवरची अक्षरं पुसट झाली, की काकू ती पुन्हा ठळक गिरवतात. मित्रांनो, माझ्यासारखा कुणी भेटला तर मागची बाजू आधी वाचा, त्याला विस्तवापासून दूर, थंड जागी ठेवा आणि झाकण घट्ट लावा. एवढं केलंत, तर माझ्याइतका गोड स्वभाव कुणाचा नाही.

भाऊजींनी त्या दिवसापासून केळं खाणं सोडलं. त्यात केळ्याचा काहीच दोष नव्हता. मी तसं सांगणारही होतो, पण झाकण घट्ट होतं.