इस्त्रीखाली गेलेली चार पानं

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर अर्धीच. माझा उत्तरार्ध दुसरीकडे असतो. मुलांना प्रेमाच्या गोष्टी सांगू नयेत असं मोठी माणसं म्हणतात, पण घाबरू नका. प्रेमाची सगळी पानं त्या उत्तरार्धात गेली. माझ्या वाट्याला आली ती नुसती भांडणं.

माझ्यात दिव्यांचा एक कारखाना आहे. तिथला फोरमन दिवे बनवून घेतो आणि तपासणीसबाई ते नापास करते. तो तिची खुर्ची लपवतो, ती त्याची रजा अडवते, दोघं एकमेकांना अगदी पाण्यात पाहतात. शेवटच्या पानावर ती एक नापास दिवा हातात घेऊन त्याच्या खोलीपाशी येते आणि दार वाजवते. तिथे मी संपते! असं दार वाजवून ताटकळलेल्या बाईला पोटात घेऊन कुणाला स्वस्थ झोप लागेल? मला तर आजवर लागलेली नाही.

छापखान्यातून निघाले तेव्हा मी धडधाकट होते. एका पाहुणीने मला हॉटेलात नेलं, थोडं चाळलं आणि पलंगावर विसरून ती निघून गेली. चादरीत गुंडाळली जाऊन मी तळघरातल्या धुलाईखान्यात पोचले. तिथे दिवसभर वाफ, यंत्रांची घरघर आणि ओल्या कपड्यांचे ढीग. मला न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा फाटक्या चादरी शिवणाऱ्या शिवणबाईने मला ताब्यात घेतलं.

त्या जागेची एक रीत होती. पुस्तक हाती लागलं की त्याचे दोन भाग करायचे, म्हणजे एका वेळी दोघींना वाचता येतं. शिवणबाईने माझ्या पाठीत कात्री घातली. वाफेने माझा डिंक आधीच सैल झाला होता. मधली चार पानं सुटून खाली पडली आणि कुणीतरी ती इस्त्री किती तापली ते बघायला वापरली. जळका वास सुटला, तो माझाच होता.

कौतुक मात्र फार झालं. मला वाचायला नंबर लागत. इस्त्रीवालीला त्याचं नवल वाटे. तिने एकदा विचारलंच, "काय मेलं एवढं असतं गं त्या भांडणांत?"

"भांडणारा माणूस निदान आपल्याकडे बघतो तरी," शिवणबाई म्हणाली. "ती बिनसाखरेचा चहा पिते, हे त्या फोरमनला पाठ आहे. मी परवा एवढे केस कापून घरी गेले, तर कुणाच्या गावीही नाही!"

सगळ्या खो-खो हसल्या. दोघी मात्र हसल्या नाहीत.

त्या दोघी सख्ख्या जावा, थोरली आणि धाकटी. मोठ्या चादरींच्या घड्या घालायचं काम त्यांचं. ते एकटीचं काम नव्हे. समोरासमोर उभं राहून दोन-दोन टोकं धरायची, चादर ताणायची, मग चालत जवळ यायचं आणि आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. दिवसभर त्यांची बोटं एकमेकींना लागत, पण तोंडातून शब्द निघत नसे. सासू शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा थोरली तिच्या उशाशी होती आणि धाकटी इथे कामावर. थोरलीने निरोपच धाडला नाही. धाकटी घरी पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. तेव्हापासून अबोला.

मी थोरलीकडे होते, उत्तरार्ध धाकटीकडे. थोरली मला पुन्हापुन्हा वाची आणि शेवटच्या पानाशी येऊन चुळबुळ करी. मीही करी.

अशातच घड्या घालायचं यंत्र येणार असल्याची बातमी आली. धाकटीने यंत्रापाशी राहायचं, थोरलीने वर खोल्या आवरायला जायचं असं ठरलं. समोरासमोर उभ्या असताना या बोलल्या नाहीत. आता वेगवेगळ्या मजल्यांवर गेल्या की कधी बोलणार?

शेवटच्या दिवशी यंत्राची पेटी दारात येऊन पडली होती. मी थोरलीच्या एप्रनच्या खिशात होते. दोघी चादर धरून जवळ आल्या आणि थोरलीने टोकं सोडलीच नाहीत.

"तिने दार वाजवलं," थोरली म्हणाली. "पुढे काय झालं?"

धाकटी दचकली. किती वर्षांनी कानावर आलेलं वाक्य, आणि तेही असलं!

"मला काय ठाऊक? माझ्या अर्ध्यात ते दोघं एकदम एका बशीतून चहाच पितात. मधली पानं नाहीतच. कुणीतरी इस्त्रीखाली घातली."

"मीच घातली," थोरली पुटपुटली. "मला वाटलं, रद्दी आहे."

"वा! म्हणजे तेही तुम्हीच!" धाकटी फणकारली. "पण तिने दार वाजवायलाच नको होतं. चूक त्याची होती. त्याने यायचं."

"तो आला असता गं. फार उशीर झाला होता. कोणत्या तोंडाने जाणार?"

"काहीतरी सांगू नका. गर्विष्ठ होता मेला."

थोरलीने मान खाली घातली. चादर दोघींच्या मध्ये लोंबत राहिली.

"निरोप धाडायचं मला सुचलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली. "सुचलं होतं. उष्टं-खरकटं, औषधपाणी सगळं मी केलं आणि आईंच्या तोंडी सारखं तुझं नाव. मला ते सोसलं नाही. चुकलं माझं."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता ही चादर टाकून निघून जाणार.

"काय म्हणत होत्या?" तिने विचारलं.

"म्हणत होत्या, धाकटीला म्हणावं, धावतपळत येशील, पण जेवून ये. उपाशी येऊ नकोस."

धाकटीने चादरीतच तोंड खुपसलं आणि ती हमसून हमसून रडली. थोरली तिच्या पाठीवर हात ठेवायला गेली. तिने तो झटकला. थोड्या वेळाने पुन्हा ठेवला, तेव्हा झटकला नाही.

आता मी साबणाच्या पोत्यांमागे पडून आहे. पानं फुगली आहेत, अर्धी कादंबरी कुणी विचारत नाही. तुम्हाला वाटेल, ही आता म्हणणार, पुस्तकं जपा. जपा, बरं का. पण मित्रांनो, कुणीतरी कुणासाठी सांगितलेला एखादा शब्द तुमच्याजवळ राहून गेला असेल, तर आधी तो देऊन या. उशीर झाला असला तरी द्या. धाकटी रोज दुपारी जिना चढून वर जाते आणि विचारते, "अजून काय म्हणाल्या होत्या आई?"