काळ्या कापडाचा तुकडा

खोलीत एक खिडकी होती आणि तिच्यावर काळ्या कापडाचे दोन थर. चार पायांचा, न झुलणारा एक लाकडी पाळणा. गुबगुबीत गाद्यांची एक आरामखुर्ची, तिच्या डाव्या हातावर दुधाचे डाग. छताला एक ट्यूबलाइट. भिंतीवर एक घड्याळ, दोन मिनिटं पुढे. धुतलेली दुपटी अकरा, न धुतलेली सात. माणसं तीन: पाळण्यात नऊ आठवड्यांची गोळू, खुर्चीत तिची आई आणि दारात, कमरेवर हात ठेवून, आजी. सकाळचे अकरा वाजले होते, पण ते फक्त घड्याळावरून कळत होतं.

"ही खोली आहे की कोठडी?" आजी म्हणाल्या. "मला माझेच हात दिसत नाहीत."

"हळू बोला ना, आई. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

"लागणारच. रात्रपाळी करून दमली असेल बिचारी."

गोळू हे नाव तिच्या वडिलांनी ठेवलं होतं. ते बेकरीत कामाला होते, आणि जन्मल्यावर तिला पहिल्यांदा हातात घेताना त्यांना दुसरी कुठलीच उपमा सुचली नव्हती. गोळूची आई फुलांच्या एका मोठ्या रोपवाटिकेत काम करायची. शेवंतीला रोज किती तास उजेड आणि किती तास अंधार मिळायला हवा, ते ती ठरवायची. तिथे सगळे तिला दिवेवाली म्हणत, आणि चेष्टेचेष्टेत घरीही तेच नाव रुळलं होतं.

गोळूला काही झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी वजन केलं, ते व्यवस्थित वाढत होतं. दिवसभरात मिळून ती पुरेशी झोपत होती. फक्त ती झोप भलत्या वेळी होती. दिवसा काळोखात ती तीन-तीन तास पडून राहायची आणि रात्री तिची सलग झोप पन्नास मिनिटांच्या पुढे जात नव्हती.

याची सुरुवात एका पहाटे झाली होती. नवरा तीन वाजता बेकरीत गेला. दिवेवाली आरामखुर्चीत बसून गोळूला पाजत होती, कोपऱ्यात छोटा दिवा होता. तिने डोळे उघडले तेव्हा मांडी रिकामी होती. गोळू खुर्चीचा हात आणि गादी यांच्या फटीत घसरली होती. तोंड गादीकडे. रडत नव्हती. तिला ओढून वर घेतलं तेव्हा रडली. डॉक्टरांनी तपासलं, कुठे काही नव्हतं. मात्र पुन्हा त्या खुर्चीत डोळा लागू देऊ नका, असं त्यांनी बजावून सांगितलं.

तेव्हापासून दिवेवाली रात्री गोळूला घ्यायची ती ट्यूबलाइट लावून, ताठ बसून. डोळ्यांवर उजेड असला की झोप लागणार नाही, असा हिशोब. आणि रात्री पोरीची झोप होत नाही तर निदान दिवसा व्हावी, म्हणून तिने रोपवाटिकेत फोन करून काळं कापड मागवलं आणि खिडकीला ठोकलं. दोन्ही निर्णय वेगवेगळे पाहिले तर शहाणपणाचे होते.

मंगळवारी सासूबाई, म्हणजे गोळूची आजी, आल्या. एक रात्र त्यांनी सगळं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी जेवताना जाहीर केलं, "रविवारी मी गोळूला घेऊन जाते. दोन महिने राहू दे माझ्याकडे. बाटलीची सवय चार दिवसांत होते."

नवऱ्याने आमटीची वाटी जवळ ओढली.

"मी काय करू मग?" दिवेवाली म्हणाली.

"झोप! आरशात बघितलंस का स्वतःला? काल चहात मीठ घातलंस. मी प्यायले, काही बोलले नाही."

"बोललात की. दोनदा."

"बरं, बोलले. मीठच होतं ते."

सासूबाई दुष्टपणाने बोलत असत्या तर भांडता आलं असतं. पण त्या बरोबर बोलत असाव्यात असं तिला वाटत होतं, आणि तेच तिला आतून पोखरत होतं. ज्या बाईच्या मांडीवरून पोर घसरलं, तिच्याकडेच ते ठेवावं, असं तिने तरी कुठल्या तोंडाने म्हणायचं? घसरल्याचं सासूबाईंना माहीत नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, आणि त्याने आईला सांगितलं नव्हतं.

गुरुवारी रोपवाटिकेतून मॅनेजरचा फोन आला.

"मॅडम, रजेवर त्रास देतोय, माफ करा. पण तीन नंबरच्या शेडमध्ये दाराकडच्या कोपऱ्यात कळीच धरत नाहीये. बाकी सगळीकडे आलीय. खत बदललं, पाणी बदललं. तासभर येऊन जाल का?"

"जा," सासूबाई म्हणाल्या. "मला सवय होऊ दे."

भर दुपारी दिवेवालीने शेडचं काळं कापड सगळीकडून ओढून घेतलं आणि आत अंधारात नुसती उभी राहिली. मॅनेजर चुळबुळ करत होता. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि तो देण्याची सवय तिला होती. हळूहळू दाराशी एक उभी रेघ दिसायला लागली. दोन बोटं रुंद, पांढरी.

"या फटीच्या पलीकडे काय आहे?"

"शीतगृहाचा दिवा. तो रात्रभर चालू असतो. पण तो आधीपासूनच आहे."

"मग इथलं कापड कोणी कापलं?"

"तुम्हालाच पाठवलं की, मॅडम! बाळाच्या खिडकीला तुकडा हवाय म्हणालात. स्टोअरमध्ये शिल्लक नव्हता. इथे दाराशी दुहेरी लोंबत होतं. म्हटलं, जास्तीचंच आहे."

"जास्तीचं नव्हतं. एकावर एक चढवलेलं होतं, फट राहू नये म्हणून."

"एवढ्याशा फटीने काय होतंय?"

"शेवंती रात्र मोजते. मध्येच उजेड आला की तिच्या लेखी ती रात्र मोडली. मग ती कळी धरत नाही, नुसती पानं काढत बसते." एवढं बोलून ती घाईने दाराकडे वळली. मॅनेजरला वाटलं, रागावली. त्याने दोनदा माफी मागितली.

घरी आल्यावर ती स्टुलावर चढून खिळे उपसायला लागली. सासूबाईंनी स्टूल धरलं.

"अगं, हे काय? आता दिवसाही झोपायची नाही ती!"

"कापड परत द्यायचंय. ते त्यांच्या दाराचं होतं."

दुसरा थर खाली आला आणि पाळण्यावर दुपारचं ऊन पडलं. गोळूने डोळे उघडले. रडली नाही. खिडकीकडे बघत राहिली, तोंड थोडं उघडं टाकून.

दिवेवाली स्टुलावरच बसली. झाड म्हणजे बाळ नव्हे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. शेवंतीला रात्र मोजायला कोणी शिकवावं लागत नाही. नऊ आठवड्यांच्या बाळाच्या अंगातलं घड्याळ मात्र अजून जुळायचं असतं. दिवसा उजेड, रात्री अंधार, असं पुन्हा पुन्हा दिसत गेलं की ते हळूहळू जुळतं. आणि गोळूला काय दिसलं होतं? सकाळी अकराला काळोख आणि रात्री दोनला ट्यूबलाइट. परीक्षेत हाच प्रश्न आला असता तर दिवेवालीने पैकीच्या पैकी मिळवले असते. पण ती ट्यूब तिच्या लेखी उजेड नव्हतीच. पहारेकरी होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने सासूबाईंना उजेडाचं सगळं समजावून सांगितलं.

"मग बंद कर की ती ट्यूब," सासूबाई म्हणाल्या. "त्याला एवढं शास्त्र कशाला?"

"नाही करता येत."

"का? बटण बिघडलंय?"

तेव्हा तिने सांगितलं. खुर्ची, फट, गादीकडे तोंड. सासूबाईंच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. तेच तर. ती किती वेळ तशी होती ते मला माहीत नाही."

सासूबाईंनी पातेलं खाली ठेवलं, पदराने हात पुसले. "मग तर मी नेणारच," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्त पक्कं वाटलं.

"न्या. पण या रविवारी नको, पुढच्या. तोवर तो बेकरीत गेला की माझ्याजवळ येऊन बसा. मी तिला अंधारात घेऊन बघते. तुम्ही फक्त जाग्या राहा."

"तीन वाजता?"

"हो."

"तीनला मी जागीच असते. माझी झोप साठीला रजेवर गेली, ती परत रुजूच झाली नाही." सासूबाईंनी थोडा विचार केला. "पण माझी एक अट. गोळू किती झोपते त्याच्याशी मला कर्तव्य नाही. तू झोपायचंस. पुढच्या रविवारपर्यंत एका रात्री तू सलग तीन तास झोपलीस, तर मी एकटी जाईन. नाहीतर दोघी जाऊ, गोळू आणि मी. मान्य?"

"मान्य."

नवरा कापड पोचवून आला तो हातात हिरव्या उजेडाचा एक टॉर्च घेऊन. "हा घे! मॅनेजर म्हणाले, रात्री शेडमध्ये काम करताना हिरवाच उजेड वापरतात. रोपांना कळत नाही म्हणे."

"रोपांना कळत नाही. आपल्या डोळ्यांना हिरवाच सगळ्यात जास्त दिसतो. झोप मोडू नये म्हणून आपल्याला तांबडा हवा, आणि तोही मंद."

"म्हणजे झाडांच्या उलट?"

"उलट."

"तरीच," सासूबाई आतून म्हणाल्या, "त्या झाडांना बरोबर कळी येते."

दुसऱ्या दिवशी त्याने भट्टीवर लागतो तसला छोटा तांबडा दिवा आणला. आरामखुर्ची उचलून जिन्यात ठेवली. आता पाजायचं ते जमिनीवर, कडक गादीवर, भिंतीला टेकून. आणि पाजून झालं की गोळू तिच्या पाळण्यात, पाठीवर. पाळण्यात दुसरं काही ठेवायचं नाही. "ना उशी, ना बाहुली," सासूबाई कुरकुरल्या. "पाहुण्यांना वाटेल, पोर भाड्याने राहतंय." पण त्यांनी काही ठेवलं नाही. सकाळी त्या गोळूला घेऊन गॅलरीत उभ्या राहायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल तिच्या कानात करत. दुपारी ती उजेडातच झोपायची, भांडी घासल्याच्या आवाजात.

पहिल्या काही रात्री काहीच बदललं नाही. उलट संध्याकाळी गोळू दोन-दोन तास रडायला लागली, दिवसाची हक्काची झोप कोणी पळवली म्हणून असेल. पहिला रविवार येऊन गेला. सोमवारी दिवेवाली म्हणाली, "चुकतंय माझं. न्या तिला उद्याच."

"अट पुढच्या रविवारची आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी शब्द फिरवत नाही. तू फिरवू नकोस."

मंगळवारी पहाटे, नवरा गेल्यावर, दिवेवाली भिंतीला टेकून पाजत होती. तांबड्या उजेडात सासूबाईंचा अर्धाच चेहरा दिसत होता. तिला आपली मान खाली येताना कळली. ती वर घ्यायला हवी, हेही कळत होतं. मग गोळूच्या पाठीखाली आणखी एक हात आहे असं जाणवलं.

"सोड," सासूबाई म्हणाल्या. "मी धरलंय."

तिने सोडलं नाही. हात घट्ट झाले.

"अगं, सोड."

मग सोडलं.

तिने डोळे उघडले तेव्हा मांडी रिकामी होती. ती धडपडून उठली. गोळू पाळण्यात होती, पाठीवर, दोन्ही मुठी कानांपाशी. सासूबाई पाळण्याच्या कठड्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

"किती वेळ?" दिवेवालीने विचारलं.

"अकरा मिनिटं," सासूबाई म्हणाल्या. "घड्याळाकडे बघत बसले होते. म्हटलं, उठल्यावर पहिलं तेच विचारशील."

दिवेवाली गादीवर बसली आणि बराच वेळ रडली, आवाज न करता. सासूबाईंनी उजेड तिच्या चेहऱ्यावर येऊ नये म्हणून दिवा जरा भिंतीकडे वळवला.

गोळूची रात्रीची झोप त्यानंतर थोडी लांबली, मग आखडली, पुन्हा लांबली. दिवेवालीची नाही. गोळू झोपली तरी ती जागी राहून तिचा श्वास ऐकायची. शनिवारी संध्याकाळी सासूबाईंनी दाराशी दोन पिशव्या भरून ठेवल्या, एक स्वतःची आणि एक गोळूची. नवरा त्या दोन पिशव्यांना वळसा घालून ये-जा करत होता.

"ती झोपते का ते बघायच्या आधीच या कशाला भरल्यात?" त्याने विचारलं.

"झोपली तर एक रिकामी करायला किती वेळ लागतो? तूही आज लवकर पड, आणि मध्ये मध्ये बोलू नकोस."

त्या रात्री सासूबाई तीनची वाट न बघता अंधार पडल्यावरच पाळण्याशी येऊन बसल्या.

रविवारी सकाळी त्यांनी चहा घेता घेता रात्रीच्या वेळा सांगितल्या, आणि दिवेवालीने घड्याळ पुढे असलेली दोन मिनिटं वजा केली. गोळू नऊ वाजून पाच मिनिटांनी झोपली, एक वाजून वीस मिनिटांनी उठली: चार तास पंधरा मिनिटं. दिवेवाली साडेनऊला झोपली आणि बारा चाळीसला, कोणी न उठवता, उठून पाळण्याशी आली: तीन तास दहा मिनिटं.