जहाज गप्प झालं तेव्हा

आधीच सांगते, माझं डोकं लवकर तापतं. बंदरात इलेक्ट्रिशियन म्हणून बावीस वर्षं काढली की कुणाचंही तापेल. जहाज धक्क्याला लागलं तरी आतले दिवे, पंखे, फ्रीज चालवायला त्याचे जनरेटर दिवसरात्र धडधडतात आणि काळा धूर ओकतात. आमचं घर बंदराला लागूनच, त्या काजळीपायी आमच्या सासूबाई तर दोरीवरचे कपडे वाळायच्या आधीच पुन्हा धुवायला काढतात.

म्हणून मी आणि माझ्या दोन जोडीदारणींनी दोन वर्षं खपून धक्क्यावर एक पेटी उभी केली. तिच्यातून जहाजाला जाडजूड केबल जोडायची, किनाऱ्यावरची वीज द्यायची, की जनरेटर बंद. पण बंदराच्या साहेबांनी बजावलं, "एक तास देतो. जहाजावर जरा जरी गडबड झाली, तर ही पेटी भंगारात."

चाचणीसाठी धक्क्याला लागलेल्या जहाजाचे चीफ इंजिनिअर, केस पिकलेला माणूस, जनरेटर बंद करायला तयारच होईनात.

"अहो बाई, तीस वर्षांत मी जहाज कधी गप्प केलेलं नाही."

"मग आज करा की! मी इथेच उभी आहे, पळून नाही जात."

हो-ना करता करता राजी झाले. मी केबल जोडली, सगळा भार हळूहळू आमच्या पेटीवर घेतला. दिवा लुकलुकलासुद्धा नाही. जनरेटर थांबले. इतकं शांत झालं, की धक्क्यावर आपटणारं पाणी ऐकू आलं. मला तर नाचावंसं वाटलं.

आणि तेवढ्यात जहाजावर एकच पळापळ! रात्रपाळी करून दुपारी झोपलेले खलाशी लाइफ जॅकेट चढवत डेकवर धावले. आचारी तर एका पायात चप्पल आणि हातात डाव घेऊन. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

"झालं!" साहेब ओरडले. "हीच ती गडबड. काढा ती केबल!"

चीफनी कपाळावर हात मारला. "अरे देवा, पोरांना सांगायचंच राहिलं!"

भर समुद्रात जहाज गप्प झालं म्हणजे काहीतरी भयंकर घडलं, एवढंच त्यांना ठाऊक. जनरेटरच्या धडधडीत गाढ झोपणारी ही माणसं शांततेने दचकून उठली होती.

"दिवे बघा की, साहेब!" मी तडकले. "पंखे बघा! काय बंद पडलंय?"

साहेबांनी दिवे पाहिले, पंखे पाहिले, आचाऱ्याकडेही पाहिलं आणि हसू दाबत म्हणाले, "बरं, तास पुरा होऊ दे." चीफनी पोरांची समजूत घालून त्यांना आत पाठवलं.

तास संपला. काही बिघडलं नाही, पण साहेब पेटीबद्दल चकार शब्द काढेनात. ठरल्याप्रमाणे मी जड मनाने केबल काढायला निघाले. तर चीफ वाटेत आडवे!

"हात लावायचा नाही," ते कुजबुजले. "पोरं परत झोपलीत. तीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचं घोरणं ऐकू येतंय."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तेही कुजबुजतच म्हणाले, "राहू दे पेटी. शेजारच्या धक्क्यावर दुसरी कधी लावता?"

मला आनंदाने ओरडायचं होतं हो! पण पोरं झोपली होती ना, म्हणून तोंडावर हात दाबून धरला.