साहेब विहिरीत कसे पडले

घड्याळजीने आजवर गावभर लोकांना टोप्या घातल्या होत्या. पण आपलीच टोपी चर्चच्या शंभर वर्षांच्या इतिहासाने घातलेली बघून त्याची बोबडी वळली.

"नजर टाका जरा," पाळक म्हणाले. "दुपारी छापखान्यात द्यायचंय."

पहिल्याच पानावर होतं: मिशनरी साहेब घोड्यासकट विहिरीत पडले, एका माळ्याने त्यांना दोराने वर ओढलं, आणि साहेबांनी तिथल्या तिथे मेथडिस्ट चर्च बांधायचा शब्द दिला.

"पाळकसाहेब, ही माझी थाप आहे."

"तुमची?"

"तीस वर्षं झाली. चर्चच्या रजिस्टरचं पहिलं पान वाळवीने फस्त केलं होतं. तेव्हाचे पाळक म्हणाले, तुझं अक्षर चांगलं, नवी प्रत कर. मोकळी जागा दिसली, हात शिवशिवले, दिली पुडी सोडून!"

"अहो, पाच रजिस्टरांत आहे हे. पाच पाळकांच्या हातचं!"

तिथेच तर घोळ होता. मेथडिस्टांचे पाळक बदलून जातात. नवा आला की जुनं रजिस्टर समोर घेऊन इतिहास नव्यात जसाच्या तसा उतरवतो. एकाच्या थापेला अशी पाच साक्षीदारांची रांग लागली होती.

"काढा ते. देवाच्या घरात माझी थाप नको."

"काढतो. पण रविवारी त्या माळ्याच्या नातीचा सत्कार आहे. तिला तुम्ही सांगा."

घड्याळजीने मान वळवून पाहिलं. माळ्याची नात म्हणजे त्याची सख्खी सासू, आणि ती पुढच्याच बाकावर गीतांची पुस्तकं पुसत बसली होती. म्हातारीला दिसायचं कमी, ऐकू मात्र सगळं यायचं.

"काय काढताय, जावईबापू? माझ्या आजोबांना?"

"आई, रागावू नका. तो किस्सा मी रचलाय."

"रचलाय? मीच सांगितला तुम्हाला! लग्नाआधी आमचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला आला होतात. चहा पिताना खिदळत होतात."

घड्याळजी चक्रावला. चहा आठवत होता. घड्याळही आठवत होतं, लंबक वाकलेला होता. पण किस्सा? आधी तो चहा, की आधी ते रजिस्टर? डोक्याचा पार भुगा झाला.

"बरं, मग घोड्याचा रंग सांगा," त्याने खडा टाकला.

"घोडा कुठला? साहेब सायकलवर होते. घोडा तुम्ही घुसवलात."

"आणि दोर?"

"शिडी सोडली होती आजोबांनी."

पाळकांनी डोकं धरलं. घड्याळजी सासूच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. म्हातारी खरं बोलतेय, की जावयाच्या वरताण आहे? ती तर शांतपणे पुस्तक पुसत होती.

शेवटी त्याने पेन्सिलीने अख्खं पान खोडलं. "सांगा आई, पहिल्यापासून. तुमच्याच शब्दांत."

तिने सांगितलं, त्याने लिहिलं. सायकल, विहीर, शिडी. खाली त्याने जोडलं, 'असं माळ्याची नात सांगते.'

"वाचा बघू," ती म्हणाली. त्याने वाचलं.

"ठीक. आता त्याखाली लिहा, जावई म्हणतो खोटं आहे."

"मी तसं म्हणतोय का आता?"

"मग काय म्हणताय?"

घड्याळजीने पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. मग लिहिलं, 'जावयाला काही सांगता येत नाही.'