रिजेक्टमामांची मोजणी

माणसाला एकदा नाव चिकटलं की मेल्याशिवाय सुटत नाही. कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेल्या या गृहस्थांना अख्खी गल्ली रिजेक्टमामा म्हणायची. वाईट वाटणं सोडाच, मामांची उलट छाती फुगायची. मशीनवरून आलेला भाग केसभर जरी कमीजास्त निघाला तरी मामा त्यावर लाल खडूनं फुली मारत. मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप येवो, फुली म्हणजे फुली. निवृत्त झाल्यावर फुल्या मारायला काही उरलं नाही, तेव्हा मामांनी वाण्याचा तराजू, सुताराचा काटकोन आणि लेकीनं भिंतीवर लावलेल्या फोटोंच्या चौकटी यांच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. लोक हसत. पण काही मोजायचं असलं की मामांकडेच येत, हेही तितकंच खरं.

लेक नर्स होती. घरोघर जाऊन जखमांच्या पट्ट्या बदलायची. बापलेक दोघंच राहत. तिची गाडी अठरा वर्षांची, आणि त्या गाडीतून ती रोज टेकडीवरच्या वस्तीत जायची. चढताना गाडी कुरकुरायची ते चालून जाई, पण उतरताना ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरायचं. म्हणून दोन आठवड्यांपूर्वी बापलेक कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेले होते.

गॅरेज एका बाईचं होतं. तिनं पुढचं चाक उतरवलं, आतल्या, ब्रेकचे पॅड जिला आवळतात त्या लोखंडी डिस्कवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दोन्ही बाजूंच्या डिस्क गेल्यात. नुसते पॅड बदलून भागायचं नाही. पण घाबरू नका, कंपनीच्याच घ्यायला हव्यात असं काही नाही. जुन्या घोडीला चांदीचा लगाम कशाला? स्वस्तातली चांगली जोडी मिळते. मी आणून ठेवते."

झालं! मामांनी खिशातून व्हर्नियर काढला. मोजायची ती पट्टी निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात असायची, दुसऱ्या कुणाच्या खिशात चष्मा असावा तशी. डिस्कला चिमटा लावून त्यांनी आकडा वाचला. "साडेएकवीस! आणि डिस्कवर काय कोरलंय? कमीत कमी वीस. दीड मिलिमीटर शिल्लक आहे, बाई. कुणाला शेंड्या लावता?"

"मामा, तुम्ही ते जिथं मोजलंत ना—"

"मोजायचं कसं ते मला शिकवू नका! हे भांडी घासण्याइतकं सोपं नाही."

चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यातलं एक फिदीफिदी हसलं. गॅरेजवालीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, पण ती पुढं अक्षर बोलली नाही. मामांच्या सांगण्यावरून नुसते पॅड घातले. मामा गाडीत बसताना लेकीला म्हणाले, "बघितलंस? बाप बरोबर नसता तर टोपी घातली होती तुला."

चार दिवसांनी लेक म्हणाली, "बाबा, पेडल अजून थरथरतंय." मामा म्हणाले, "नवे पॅड बसायला वेळ लागतो. आणि तू ब्रेकवर पाय रेटून धरतेस. जरा सैल सोडायला शीक." त्यानंतर लेकीनं तो विषय काढला नाही.

आज तिला सकाळी सुट्टी होती, दुपारी टेकडीवर जायचं होतं. ती आत आवराआवर करत असताना मामांनी सहज, पॅड कसे बसलेत ते बघावं म्हणून, अंगणात जॅक लावून पुढचं चाक उतरवलं. डिस्कवरून अंगठा बाहेर सरकवला, आणि कडेला नख अडकलं.

पुन्हा सरकवला. पुन्हा अडकलं.

आता मामांच्या ध्यानात आलं. पॅड घासतात तिथंच डिस्क झिजते. अगदी बाहेरच्या कडेला पॅड पोचतच नाहीत, म्हणून तिथं जुन्या जाडीची कड तशीच उभी राहते. आणि मामांच्या व्हर्नियरचा चिमटा बसला होता नेमका दोन्ही बाजूंच्या त्या कडांवर. जे झिजतच नाही तेच मोजून ते आले होते! कारखान्यात एखाद्या नवख्यानं हे केलं असतं तर मामांनी त्याची सगळ्यांसमोर बिनपाण्यानं केली असती. केलीही होती कितीकदा.

त्यांनी खिशातली दोन नाणी काढली. कडेच्या आत, झिजलेल्या जागेवर दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरलं, त्यांच्यावरून मोजलं आणि नाण्यांची जाडी वजा केली. उत्तर आलं पावणेएकोणीस. नाणं तिरकं धरलं गेलं असेल, असं म्हणून पुन्हा मोजलं. पावणेएकोणीस. ही डिस्क मामांच्या टेबलावर आली असती तर खडू उचलायला त्यांना एक क्षण लागला नसता.

आता सरळ आत जाऊन लेकीला सांगायचं की नाही? दोन वाक्यांचं काम. पण ती दोन वाक्यं मामांच्या तोंडातून निघेनात. आपण चुकलो, हे वाक्य त्यांनी शेवटचं कधी म्हटलं होतं हे त्यांनाही आठवेना. बायको असतानाही नसेल म्हटलं. आणि सांगायचं म्हणजे पुढं गॅरेजात जाणं आलं, त्या बाईसमोर उभं राहणं आलं. भांडी घासण्याइतकं सोपं नाही म्हणे! लाज वाटली हो मामांना, अशी लाज की अंगणात एकटे असून त्यांनी मान खाली घातली.

आणि मग त्या शहाण्या माणसानं काय करावं? चाक परत चढवलं, नट आवळले, टायरच्या व्हॉल्व्हमधली पिन काढून खिशात टाकली. फुस्स करून चाक बसलं. गाडीच निघाली नाही तर आजचा दिवस टळेल, उद्याचं उद्या बघू. एकतीस वर्षं दुसऱ्यांची लबाडी पकडणारा माणूस स्वतःच्या लेकीच्या टायरमधली हवा काढून दारात साळसूदपणे उभा राहिला.

"बाबा, पंक्चर!" लेक बाहेर येताच ओरडली. "आणि स्टेपनीही बसलीये. थांबा, गॅरेजवालीलाच बोलावते. टेकडीवरच्या त्या आजी वाट बघत असतील, त्यांची पट्टी आज बदलायलाच हवी."

"अगं, आज राहू दे की," मामा म्हणाले. तिनं ऐकलं नाही, फोन लावलासुद्धा.

गॅरेजवाली दहा मिनिटांत हवेचा पंप घेऊन आली. टायरवरून हात फिरवला, कुठं खिळा नाही. व्हॉल्व्ह बघितला, पिन नाही. मग तिची नजर चाकाच्या नटांवरून जमिनीवर गेली, तिथं जॅकचा ताजा ठसा होता. तिनं मान वर करून मामांकडे बघितलं. मामांनी शेजारच्या भिंतीकडे बघितलं.

"पिन सैल होती, पडली असेल," ती लेकीला म्हणाली. "नवी घालते. पण ताई, आज टेकडीवर जाऊ नका. डिस्क आधी बदलून घ्या, माझ्याकडे जोडी पडून आहे. त्या दिवशी मला नीट सांगता आलं नाही. चूक माझीच."

तिनं मामांना वाचवलं होतं. आणि मामांना हायसं वाटलं! खोटं कशाला बोला, अगदी क्षणभर, पण वाटलं.

लेक मात्र भडकली. "तुमची चूक? दोन आठवडे मी त्या उतारावरून येतेय! तुमची एवढी खात्री होती तर ओरडून सांगायचंत ना! गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळता आणि वर थंडपणे सांगता?"

गॅरेजवाली फडक्यानं हात पुसत उभी राहिली. हाताला काही लागलेलं नव्हतं तरी पुसत राहिली. दोन आठवड्यांपूर्वी झाला होता तसाच तिचा चेहरा पुन्हा कानापर्यंत लाल झाला.

"तिला बोलू नकोस," मामा म्हणाले. "तिला काही बोलू नकोस, बाळा. ती सांगत होती, मीच तिचं तोंड बंद केलं. डिस्क मी कडेवर मोजली. चुकीची मोजली. सकाळी कळलं मला. आणि हे..." त्यांनी खिशात हात घातला आणि पिन तळहातावर धरली. "पंक्चर नाही. हवा मी काढली. सांगायची लाज वाटली म्हणून." मग गॅरेजवालीकडे वळून, तिच्या नजरेला नजर न देता म्हणाले, "बाई, मी तुम्हाला नको ते बोललो. चारचौघांत बोललो. मला माफ करा."

गॅरेजवालीनं नुसती मान हलवली. माफ केलं की नाही, कोण जाणे.

लेक ओरडेल, असं मामांना वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "परवा वळणावर गाडी थांबेचना, बाबा. दगडाला घासून थांबली. मी तुम्हाला सांगितलं नाही. मला वाटलं, बाबांनी मोजलंय म्हणजे डिस्क चांगलीच असणार. माझाच पाय चुकतोय."

मामांचा पिन धरलेला हात तसाच पुढं राहिला. गॅरेजवालीनं ती त्यांच्या हातातून घेतली, व्हॉल्व्हमध्ये बसवली आणि पंप लावला.

लेक उठली, तिनं पर्समधून गाडीची किल्ली काढली. गाडीत काहीही बिघडलं तरी आजवर ती आधी बापाकडे वळायची.

"ताई," ती गॅरेजवालीला म्हणाली, "गॅरेजपर्यंत सावकाश नेली तर चालेल ना?"

"चालेल. रस्ता सपाट आहे. मी चालवते, तुम्ही शेजारी बसा."

दोघी गाडीत बसल्या. मागचं दार मामांच्या अगदी हाताशी होतं, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही, आणि आपण होऊन बसायची त्यांची हिंमत झाली नाही.